शेंगांची पंगत

शनिवारी दुपारी वांडेगेयाच्या टॅक्सी थांब्यावर तिओपिस्तानं सूबीला नाकतोडे खाताना पाहिलं. आधी नुसता हात दिसला. कागदाच्या पुडीत दोन बोटं घालून एकेक तळलेला नाकतोडा उचलणारा, तोंडाशी नेणारा हात. आणि हा हात आपल्या ओळखीचा आहे, याची नखं आपण कापली आहेत, एवढंच तिच्या मनात आलं. मग हाताच्या वर नर्सचा गणवेश दिसला आणि गणवेशाच्या वर सूबीचा चेहरा. पोरीला आता उलटी होईल, हा तिओपिस्ताचा पहिला विचार. पुढे होऊन पुडी हिसकावून घ्यावी म्हणून तिनं पाऊल उचललंही, पण सूबी काही चुकून खात नव्हती. चवीनंही खात नव्हती. समोरच्या भिंतीकडे बघत, कडू औषध घ्यावं तशी ती एकेक चावून गिळत होती. पुडी संपल्यावर तिनं कागदाची नीट घडी केली, पर्समध्ये ठेवली, रस्त्यावर कचरा टाकायचा नाही ही मिशनच्या सिस्टर लिओबांची शिकवण एवढ्या गर्दीतही पाळली, बोटं रुमालाला पुसली आणि कशाची तरी वाट बघत असल्यासारखी ती उभी राहिली. तिओपिस्ता अननसांच्या हातगाडीमागे सरकली. सत्तावीस वर्षांत या पोरीपासून लपायची वेळ तिच्यावर आली नव्हती. हातात नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या झग्यांसाठी घेतलेली बटणांची पिशवी होती, ती तिनं पोटाशी धरली, आणि सूबीची टॅक्सी भरून निघून जाईपर्यंत तिथंच थांबली.

तिच्या स्वतःच्या टॅक्सीत चौदा माणसांच्या जागी सतरा बसली होती. शेजारच्या माणसाच्या मांडीवर तीच पुडी, तोच वास. नोव्हेंबरात सगळ्या शहराला हा वास येतो, तेलाचा, कांद्याचा आणि त्याखाली भाजलेल्या गवतासारखा, आणि साठ वर्षं तिनं या वासाकडून तोंड फिरवलं होतं. माणूस भला होता. "घ्या ना, आई, गरम आहेत," तो म्हणाला. "नको रे बाबा, माझे भाऊबंद आहेत ते," ती म्हणाली. तेवढ्यात दारातल्या कंडक्टरनं त्याच्या पुडीतला एक लांब तंगड्यांचा उचलला आणि म्हणाला, "मग हा तुमचा काका दिसतोय, तोंडवळा तोच आहे." सगळी टॅक्सी हसली, तीही हसली. ही थट्टा ती जन्मभर ऐकत आली होती. तिचा बाप मसाका रस्त्यावर सायकली दुरुस्त करायचा, हंगामात बाजारातून जाताना तो विकणाऱ्यापाशी थांबून विचारायचा, "काय रे, माझ्या चुलत्याला काय भावानं विकतोस?" आणि विकणारा त्याला हात जोडायचा. नाकतोड्यांच्या कुळातल्या माणसानं नाकतोडा खायचा नाही, ते आपलं देवक. आणि ज्याचं देवक तेच, तो आपला भाऊ, ती आपली बहीण, मग ती शंभर कोसांवर का जन्मलेली असेना. तिच्याशी सोयरीक होत नाही. हे शिकवायला घरात कुणी बसत नाही, ते अंगातच मुरलेलं असतं, आणि बाप देतो म्हणून असतं. ज्याला बाप ठाऊक नाही त्याला ते कुठून असणार, हा प्रश्न डोंगरावरच्या मिशनच्या घरात शिवणकामाला येईपर्यंत तिला कधी पडला नव्हता.

सूबीला एका कंडक्टरनंच आणलं होतं. मसाक्याहून आलेली टॅक्सी रिकामी झाली तेव्हा मागच्या बाकड्यावर हिरव्या स्वेटरात गुंडाळलेलं मूल राहिलं होतं. केळी घेऊन येते म्हणून कुणीतरी बाई उतरली होती. त्या वर्षांत बायका अशाच उतरून जायच्या. आजारानं गावंच्या गावं पोखरली होती, आणि मिशनच्या घरात पाळणे कमी पडून मुलं भाजीच्या टोपल्यांत झोपत होती. सिस्टर लिओबांनी नाव ठेवलं सूबी, म्हणजे आशा. मिशनची नावं अशीच, आशा, शांती, कृपा, कुणालाही चालणारी. त्यांच्यावरून कूळ कळत नाही. सिस्टर हॉलंडहून आलेल्या, काठीसारख्या ताठ, आणि त्यांचं म्हणणं एकच होतं: आपण सगळी एका बापाची लेकरं. तिओपिस्ताचाही त्यावर विश्वास होता. आजही आहे. नवऱ्यानं हाकलून दिलेल्या, आजारानं सुकलेल्या, पोट घेऊन आलेल्या बायका त्या दारातून आत घेताना सिस्टरांनी कधी कुणाला कूळ विचारलं नव्हतं आणि तिओपिस्तानंही नाही. पण शाळेतल्या बाईंना सिस्टरांचं म्हणणं कुठून माहीत असणार. दुसरीच्या वर्गात त्यांनी एकेका मुलाला उभं करून कूळ विचारलं, आणि सात वर्षांची सूबी उभी राहून घरी शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "येशूचं." वर्ग हसला. मधल्या सुट्टीत एका पोरानं विचारलं, मग येशूचं देवक काय, तू खात काय नाहीस?  घरी आल्यावर सूबी दोन दिवस बोलली नाही, जेवलीही नाही.

तिसऱ्या दिवशी तिला आंघोळ घालताना तिओपिस्ता बोलून गेली. पाठ चोळता चोळता, साबणाचा फेस त्या एवढ्याशा खांद्यांवर असताना. "कोण म्हणतं तुला कूळ नाही? तू नाकतोड्यांची. माझीच. म्हणून तर मी तुझी आत्या." पोरगी वळली, डोळ्यात साबण गेला तरी तिनं डोळे मिटले नाहीत. "कशावरून?" तिनं विचारलं. कशावरून, ते तिओपिस्ताला त्या क्षणी सुचलं, आणि सुचलं याचा तिला पुढे कितीतरी वर्षं अभिमान वाटत राहिला. तिनं आपल्या पेटीतून झाडाच्या सालीच्या कापडाचा एक वीतभर तुकडा काढून पोरीच्या हातात दिला. यात गुंडाळून आणलं होतं तुला, तुझ्या बापाच्या घरचं आहे. त्या संध्याकाळी सूबीनं दोनदा वाढून घेतलं. आणि नोव्हेंबर आला तेव्हा ती नाकतोड्यांच्या ताटापासून उठून आली, तिओपिस्ताशेजारी बसली, आणि दोघींनी मिळून भुईमुगाच्या शेंगा सोलून खाल्ल्या.

मग दुसरी पोर आली, मग तिसरी. आमचं काय, आत्या? एकीला दिलं आणि दुसरीला कसं नाही म्हणायचं? दर हंगामात एका रविवारी घरात दोन पंगती पडू लागल्या, एक खाणाऱ्यांची, एक शेंगांची, आणि शेंगांच्या पंगतीत बसणाऱ्या पोरी माना ताठ करून बसायच्या, जशी काही सगळी मसाक्याची जमीन त्यांच्या आजोबांची. सिस्टर लिओबांच्या लक्षात आलं, पण भलतंच आलं. त्यांनी प्रत्येकीच्या कागदावर लिहिलं, हिला किडे सोसत नाहीत. एकदा हॉलंडचे डॉक्टर पाहुणे आले, तेव्हा एकाच घरात एवढ्या मुलींना हा विकार कसा, म्हणून त्यांनी दोन दिवस पोरींची रक्तं तपासली. स्वयंपाकघरातल्या बायका हाताआड हसत होत्या आणि तिओपिस्ता सगळ्यांत जास्त. तिनं खाण्याचं बघितलं, शाळेतल्या हसण्याचं बघितलं. सोयरिकीचं बघितलं नाही. स्वतः लग्न न केलेल्या बाईच्या ध्यानात ते येऊ नये यात नवल नव्हतं, पण या वयाची पोर देवक तोडते ती कशापायी, असा विचार करत आज टॅक्सीतून उतरून चढ चढताना तिला ती सबब पुरेना.

अंगणात बायका गोल करून बसल्या होत्या, मधे पोत्यावर हिरव्या-तपकिरी नाकतोड्यांचा ढीग, आणि बोटं चालली होती, पंख, तंगड्या, पंख, तंगड्या. उद्याच्या जेवणाची तयारी. स्वयंपाकीण नालोंगो, जिला जुळी झाल्यावर सासरच्यांनी आजाराच्या संशयावरून काढलं होतं आणि जी त्या जुळ्यांसकट इथं येऊन वीस वर्षं झाली होती, ती ओरडून म्हणाली, "या ताई, तुमच्या गणगोताचे पाय काढतेय, राग नाही ना?"

"काढ बाई. पुण्य लागेल तुला."

"तोंड का उतरलंय?"

"ऊन लागलं."

"आज ऊन कुठाय?" नालोंगो म्हणाली, पण पुढे तिनं विचारलं नाही. तिओपिस्ता शिवणखोलीत गेली, यंत्रापुढे बसली आणि बटणं रंगावारी वेगळी करू लागली. कुणी सांगितलं असेल पोरीला? सांगणारं उरलंय कोण? सिस्टर लिओबा प्रार्थनाघरामागे आंब्याखाली निजल्या, त्याला अकरा वर्षं झाली. पंधरा वर्षांची असताना सूबी एकदा हट्टाला पेटली होती, मला गावाला ने, आपल्या कुळातल्या म्हाताऱ्यांना भेटव, माझं नाव त्यांच्यापुढे सांग. पुढच्या ईस्टरला जाऊ, तिओपिस्ता म्हणाली होती. मग नाताळला. मग नर्सिंगची परीक्षा झाल्यावर. सूबीनं विचारणं कधी सोडलं ते तिला आठवेना, आणि त्या वेळी आपल्याला हायसं वाटलं होतं हे मात्र स्वच्छ आठवलं. एक काळं बटण तिच्या हातून पांढऱ्यांत पडलं होतं, ते शोधायला तिनं चष्मा लावला.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर सूबी आली. शिवणखोलीच्या दारात तिनं नेहमीप्रमाणे गुडघे टेकले, "बरी आहेस का, आत्या," म्हणाली, तिओपिस्तानं "बरी आहे, तू बरी का," म्हटलं, आणि गुडघ्यांवरून उठायच्या ऐवजी सूबी तिथंच चटईवर बसली. पर्स मांडीवर घेतली.

"मला पुरळ नाही आलं, आत्या."

"कसलं पुरळ?"

"काल थांब्यावर तू होतीस. अननसांच्या मागून तुझी पिशवी दिसत होती." सूबीच्या आवाजात राग नव्हता. "देवक खाल्लं की अंगावर पुरळ उठतं, दात हलतात, तूच सांगायचीस. सबंध पुडी खाल्ली मी. आज सकाळी आरशात पाठसुद्धा बघितली. काही नाही."

"कुणी काय सांगितलंय तुला?"

"कुणी काही सांगितलेलं नाही. म्हणून तर तुला विचारायला आले." मग ती पर्सच्या बंदाशी चाळा करत राहिली, आणि बोलली तेव्हा भराभर बोलली. "आमच्याकडे देओ म्हणून आहे, क्ष-किरण विभागात. दोन वर्षांपूर्वी हंगामात वॉर्डात पुडी फिरली. सगळ्यांनी घेतलं, दोघांनी पुढे सरकवली. मी आणि तो. तो हसून म्हणाला, 'काय बहीणबाई, तुम्ही पण?' तेव्हापासून तो मला बहीण म्हणतो, मी त्याला दादा. दोन वर्षं, आत्या. जीभ झिजली म्हणून म्हणून. काही उपयोग झाला नाही."

तिओपिस्ताच्या हातात सुई होती. तिनं ती उशीत खोचली.

"त्यानं दूर उत्तरेला, गुलूला बदली मागितलीय. महिनाअखेर जाईल. म्हणतो, तुझ्यासमोर राहून मला भाऊ होता येत नाही." सूबीनं मान वर केली. "मी नाकतोड्यांची असेन, तर त्याला जाऊ दे. रडले तर इथं येऊन रडेन. आणि नसेन, तर तसं सांग. एवढंच विचारायचंय."

एक शब्द. आहेस, एवढं म्हटलं की झालं. मुलगा गुलूला जाईल, सूबी रडायला इथं येईल, आपल्याच मांडीवर रडेल, आणि पुढच्या नोव्हेंबरात दोघी शेजारी बसून शेंगा सोलतील. हा मोह तिओपिस्ताला झाला. तो किती गोड आहे हे तिला कळलं, आणि त्या गोडीची तिला भीती वाटली. कुठल्या तोंडानं आपण इतकी वर्षं सकाळी प्रार्थनेला गुडघे टेकून बसलो? नाही म्हटलं तर पोरीचा बाप गेला, आजोबा गेले, मसाक्याची ती न पाहिलेली जमीन गेली. सात वर्षांची होऊन ती परत वर्गात उभी राहणार आणि सगळे हसणार. आणि आपण तिचे कोण?  सूबीनं पर्स उघडली आणि सालीच्या कापडाचा तो तुकडा काढला, वीस वर्षांत कडा झिजून विटकरी झालेला. चटईवर पसरून तिनं त्यावरून हात फिरवला.

"हे माझ्या बापाचं ना? निदान हे तरी सांग."

"माझ्या," तिओपिस्ता म्हणाली. "माझ्या बापाचं. त्याला पुरताना गुंडाळलं, त्यातलं उरलं होतं. तुला हिरव्या स्वेटरात आणलं होतं पोरी. बाईमाणसाचा स्वेटर, कोपरावर रफू केलेला. त्यापलीकडे मला काहीएक ठाऊक नाही. तू जेवत नव्हतीस. मला बघवलं नाही."

बाहेर नालोंगोच्या कढईत तेल चरचरलं आणि तो वास खिडकीतून आत आला. सूबीनं कापडाची झिजलेली कड बोटानं सरळ केली. तिनं रडावं, निदान ओरडावं, असं तिओपिस्ताला वाटत होतं.

"म्हणजे तू माझी आत्या नाहीस."

"नाही."

"देओची आहेस." सूबी हिशेब जुळवावा तशी सावकाश बोलत होती. "मागणीच्या दिवशी समोरासमोर दोन मांडव पडतील. तू त्यांच्या मांडवात."

"बोलावलं तर."

"आणि मला हाताला धरून बाहेर कोण आणणार? ते तर आत्याचं काम."

 तिओपिस्ताच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते तिनं पुसलं नाही. सूबीनं कापडाची घडी केली. आता ती परत देईल, म्हणून तिओपिस्तानं हात पुढे केला, पण सूबीनं घडी पर्समध्ये ठेवली. "हे मी ठेवते," ती म्हणाली. मग दाराशी जाऊन थांबली. "बाहेर सात जणी आहेत अजून शेंगांच्या पंगतीत. त्यांना आधी सांग. कुणाच्या प्रेमात पडायच्या आधी." कापडाची गोष्ट निघाल्यापासून तिनं आत्या म्हणून हाक मारायचं टाळलं होतं, आणि तो टाळलेला शब्द तिओपिस्ताच्या कानात घुमत राहिला.

जेवणाची घंटा झाली. लांब ओसरीवर नेहमीप्रमाणे दोन पंगती समोरासमोर पडल्या, केळीच्या पानांवर उकडलेल्या कच्च्या केळ्यांचं वाफाळलेलं मटोके आलं, एका बाजूला नाकतोड्यांची परात फिरू लागली, दुसऱ्या बाजूला शेंगांची टोपली. तिओपिस्ता आपल्या जागी बसली, सात पोरी तिच्या उजव्या हाताला, डाव्या हाताची जागा सूबीची. सवयीनं बोटं सोलू लागली. मूठभर आपल्याला, मूठभर सूबीला, ते दाणे तिनं डावीकडच्या पानावर ठेवले. सूबी हात धुऊन आली. दोन पंगतींच्या मधे क्षणभर उभी राहिली, सगळ्यांच्या देखत, नर्सच्या गणवेशात उंच आणि अवघडलेली. मग ती समोर गेली आणि खाणाऱ्यांत बसली. नालोंगोची परात तिच्यापाशी येऊन थबकली. "अगं, तुला कसं..." नालोंगो म्हणाली. "वाढ," सूबी म्हणाली. "देओच्या घरी ते चुलीवर चढत नाहीत. यंदाच काय ते." नालोंगोनं तिओपिस्ताकडे पाहिलं, काय समजायचं ते समजली, आणि वाढलं.

 तिओपिस्ताच्या शेजारची मिरेंबे, नऊ वर्षांची, पंगतीतली सर्वांत लहान आणि सर्वांत ताठ मानेची, तिनं कोपरानं ढोसलं. "सूबीताई तिकडे का बसली? ती आपल्यातली नाही?"

"ती आपल्यात सून होऊन यायचीय," तिओपिस्ता म्हणाली.  "तिची पोरं या पंगतीत बसतील."

"खरीखुरी? नाकतोड्यांची?"

"खरीखुरी."

"म्हणजे आमच्यासारखी," मिरेंबे समाधानानं म्हणाली, आणि सूबीच्या रिकाम्या जागेपुढच्या पानावरच्या दाण्यांकडे बघत तिनं ओंजळ पुढे केली.

तिओपिस्तानं ते दाणे उचलून तिच्या ओंजळीत घातले. ही ओंजळ बंद होईल, पोरगी खाईल, आणखी एक वर्ष जाईल. पुढच्या ईस्टरला सांगू. नाताळला सांगू. समोर सूबी खाली बघून खात होती, कालच्यासारखीच, चव न घेता, पण तिचा जबडा थांबलेला तिओपिस्ताला दिसला. ती ऐकत होती.

"मिरेंबे, जेवून झालं की शिवणखोलीत ये. तुम्ही सातीजणी या," तिओपिस्ता म्हणाली. "झग्यांना बटणं लावायचीत. आणि मला तुम्हाला काही सांगायचंय. आज ते ऐकून तुम्हाला माझा राग येईल."

मिरेंबे दाणे चावायची थांबली.  मग समोरच्या पंगतीतून, पानावरची नजर न उचलता, सूबी म्हणाली, "मी पण येते, आत्या."